एकेचाळिसाव्या पानावरचे घड्याळ

मी एक जुना पाचवा भाग आहे, मित्रांनो. पाचवा भाग म्हणजे एका भुताच्या कादंबरीमालेतले पाचवे पुस्तक. शेंडेफळाचे घरात लाड होतात म्हणे, पण पुस्तकांच्या घरी सगळे उलटे असते. कुणी मला हातात घेतले की पहिला प्रश्न येतो, "हा कितवा?" पाचवा म्हटले की मी परत जागेवर. ज्याने आधीचे चार वाचले नाहीत त्याला माझा उपयोग नाही, आणि ज्याने वाचलेत तो माझ्यासमोर त्या चौघांचेच गोडवे गातो. जन्मभर हे ऐकून माझा स्वभाव जरा तिरसट झाला आहे. तेवढे समजून घ्या.

माझ्या पोटातली गोष्ट आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढे अडायला नको. एका टेलिफोन केंद्रात एक मुलगी ऑपरेटर असते. खांबावरून पडून मेलेला एक वायरमन तिच्याशी फोनवर बोलतो. दोघे मिळून प्रत्येक भागात एक गुन्हा उघडकीला आणतात आणि त्या नादात एकमेकांच्या प्रेमात पडतात. वायरमनला खांबावरून कुणी ढकलले, हे मात्र एकाही भागात कळत नाही. कळले तर पुढचा भाग कोण वाचणार? माझ्यात त्या वायरमनला विसर पडू लागतो. तो भलत्याच लोकांना फोन लावतो, आणि तिला विचारतो, आपण कोण? ती बिचारी रोज संध्याकाळी त्याला पहिल्यापासून सगळे सांगत बसते.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. मोठमोठे कागद छापले गेले, त्यांच्या घड्या पडल्या, घड्या एकीवर एक रचून शिवल्या गेल्या आणि पाठीला चिकटवायचा गरम सरस लागला. तो चटका मला अजून आठवतो. मग तीन बाजूंनी कडा कापल्या आणि अंगावर मुखपृष्ठ चढले. काळा टेलिफोन आणि अंधारात गेलेली त्याची पीळदार वायर. मी दिसायला वाईट नव्हतो.

तिथून मी एका वाचनालयात आलो. वाचनालय म्हणजे जिन्याखालची एक लांबट खोली. ती एक बाई चालवत. लहानथोर सगळे त्यांना ताई म्हणत. पुस्तकाची पाठ बघून ताई वाचणारा ओळखायच्या. पाठ मोडली असेल तर झोपून वाचणारा, कोपरे दुमडले असतील तर आळशी, आणि पानांत तेलाचा डाग असेल तर जेवताना वाचणारा. "पुस्तकात काहीही लिहू नये" अशी पाटी त्यांनी स्वतःच्या डोक्यावर टांगली होती, आणि ती पाटी कुणीच पाळत नव्हते.

कारण तिथे एक जुनी रीत होती. म्हातारी माणसे शेकड्याने पुस्तके वाचत आणि हे आपण वाचले की नाही, हेच विसरत. म्हणून प्रत्येकाने आपले एक पान ठरवले होते. पुस्तक वाचून झाले की त्या पानाच्या आकड्याखाली बारीकशी खूण करायची. पुढे तेच पुस्तक पुन्हा हाती आले, तर आपले पान उघडायचे आणि खूण दिसली की परत ठेवायचे. शिंपीकाका टाका घातल्यासारख्या दोन रेघा ओढत. निवृत्त नर्सबाई फक्त एक टिंब देत. ताई वरवर रागवायच्या, पण कुणी विचारले, "ताई, हे मी वाचलंय का हो?" तर त्या स्वतःच बरोबर ते पान उघडून दाखवायच्या.

सगळ्यात देखणी खूण होती घड्याळजींची. गल्लीच्या टोकाला त्यांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान होते. एकेचाळिसाव्या पानाच्या आकड्याखाली ते मोहरीएवढे घड्याळ काढत, आत दोन काटे. पुस्तक संपले तेव्हा जी वेळ असेल, तीच वेळ त्या काट्यांवर असे. एकेचाळीसच का, असे कुणी विचारले तर म्हणत, "पहिली चाळीस पानं लेखकाची. एकेचाळिसावं माझं."

पुस्तक वाचायच्या मात्र त्यांच्या बायको. ताई त्यांना मावशी म्हणत, म्हणून मीही म्हणतो. संध्याकाळी मावशी मोठ्याने वाचत आणि घड्याळजी समोरच्या खुर्चीत बसून ऐकत. माझे चारही थोरले भाऊ त्या घरी जाऊन आले होते. पाचव्याची ते दोघे फार दिवस वाट बघत होते, आणि तो आला की पहिला आपल्यालाच द्यायचा असे मावशींनी ताईंकडून कबूल करून घेतले होते. मी आलो. पण मी यायच्या थोडे दिवस आधी घड्याळजी झोपेतच गेले.

ताईंनी तरी मला दुसऱ्या कुणाला दिले नाही. टेबलाखालच्या खणात ठेवले. एके दिवशी मावशी आल्या आणि नुसता हात पुढे केला. ताईंनी मला त्या हातात दिले.

घरी गेल्यावर मावशींनी मला घड्याळजींच्या खुर्चीवर ठेवले. दोन दिवस मी तिथेच पडून होतो. भिंतीवर लोकांची दुरुस्तीला आलेली घड्याळे होती, कुणी न नेलेली, आणि सगळी आपापल्या वेगळ्या वेळी थांबलेली. तिसऱ्या दिवशी मावशी समोर येऊन बसल्या. मला उचलले, चष्मा लावला आणि रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाल्या, "हं, ऐका. पाचवा आलाय एकदाचा."

मग त्या वाचू लागल्या. काय वाचत होत्या! वायरमनचा आवाज वेगळा, ऑपरेटरचा वेगळा, आणि मधूनच थांबून खुर्चीला टोमणा, "बघा, ह्याला काही आठवत नाही आणि ही बया रोज पहिल्यापासून सांगत बसते. तुम्ही असता तर मी एकदाच सांगितलं असतं." तिसरे प्रकरण त्यांनी एका संध्याकाळी वाचले. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच वाचले. पुढे आणखी दोनदा वाचले, आणि प्रत्येक वेळी त्याच जागी, तितक्याच मोठ्याने हसल्या. मी फुगून टम्म झालो. मला वाटले, प्रकरणच तसे झाले आहे.

एका दुपारी मी वाचून संपलो. मावशींनी खुर्चीशेजारच्या डब्यातून पेन काढला, एकेचाळिसावे पान उघडले आणि आकड्याखाली मोहरीएवढे घड्याळ काढले. दूध उतरवल्यावर झाकण ठेवावे, इतक्या सहज काढले. मग मला मिटून त्या आत गेल्या.

मला त्यात काही नवल वाटले नाही, कारण माझ्या चौथ्या भावाने मला सगळे सांगून ठेवले होते. शेवटची काही वर्षे घड्याळजींचा हात कापत असे. दुकान बंद केले तेव्हा लोकांना सांगितले की डोळे दुखतात. घड्याळजीचा हात कापतो, हे कळण्याची त्यांना लाज वाटत होती. तेव्हापासून खूण मावशी काढत. हे घराबाहेर कुणालाही कळले नव्हते. ताईंनाही नाही.

पण दुसऱ्या सकाळी जे झाले, ते चौथ्याने मला सांगितले नव्हते. परत नेण्यापूर्वी मावशींनी मला उघडले. खूण नसणार, हे ठाऊक असूनही ती रिकामी जागा एकदा बघावी, असे त्यांच्या मनात आले असेल. एकेचाळिसावे पान उघडले आणि त्या बघतच राहिल्या. आदल्या दुपारचे त्यांना काही म्हणजे काही आठवत नव्हते. त्या खुर्चीच्या हातावर टेकल्या.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "वाचलंत होय? मला सांगायचं तरी."

आणि घड्याळजी गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उजळला. मित्रांनो, मी भुताची गोष्ट पोटात घेऊन जन्मलो, पण त्या सकाळी भूत कसे जन्माला येते ते पाहिले. मला ओरडून सांगावेसे वाटले की मावशी, ते तुम्ही काढलेत. पण पुस्तक फक्त त्याच्यात छापलेलेच बोलू शकते.

मावशी मला घेऊन जवळजवळ धावतच वाचनालयात आल्या आणि ताईंसमोर पान उघडून धरले.

"मावशी, हे कुणी काढलं?" ताईंनी विचारले.

"कुणी म्हणजे? ज्यांची खूण आहे, त्यांनी."

"घरी कुणी आलं होतं का?"

"कोण येणार? मी बाहेर गेले तर दाराला कुलूप, आणि किल्ली माझ्या कमरेला. ताई, तुम्हीच सांगा, ही खूण दुसऱ्या कुणाची आहे का?"

मावशींनी त्या दिवशी दोन पुस्तके नेली. एक आपल्याला आणि एक त्यांना.

दोन्ही पुस्तके घड्याळ लेवून परत आली. पुढची दोनही तशीच आली. बातमी षट्कर्णी व्हायला कितीसा वेळ लागतो? लोक मला बघायला येऊ लागले. ज्यांनी पहिला भागही वाचला नव्हता, ते पाचवा मागू लागले. मला हातात घ्यायचे, थेट एकेचाळिसावे पान उघडायचे आणि डोळ्यांजवळ नेऊन बघायचे. शिंपीकाका म्हणाले, शाई वेगळीच दिसते. नर्सबाई म्हणाल्या, "मेल्यावरही वर्गणी भरावी लागते का हो ताई?" शेल्फवरचे चौघे भाऊ माझ्याकडे बघून कुजबुजत, कानामागून आला आणि तिखट झाला. खरे सांगतो, मला ते आवडत होते. मला वाचत कुणीच नव्हते, हे मात्र मी तेव्हा मनावर घेतले नाही.

मावशी दिवसेंदिवस टवटवीत होत होत्या. केस नीट विंचरलेले, साडीला इस्त्री. चहाचे दोन कप करते म्हणून सांगत. पण त्यांच्याकडून परत येणाऱ्या पुस्तकांना धुराचा वास येऊ लागला होता. ताईंनी एकदा एक पुस्तक नाकाशी नेले, कपाळाला आठ्या घातल्या आणि विचारले, "मावशी, स्वयंपाकात काही करपलं होतं का?" मावशी म्हणाल्या, "छे हो," आणि विषय बदलला.

मग त्यांची मुलगी आली. ती दुसऱ्या गावी राहायची. शेजारणीने तिला फोन केला होता की, तुमच्या आईच्या खिडकीतून धूर येतो आणि आई खुर्चीशी बोलत बसते. मुलगी हातातले काम टाकून आली आणि घरभर फिरली. मोरीतल्या बादलीमागे तिला जळून कोळसा झालेली पातेली सापडली, एकात एक घालून लपवलेली. गॅसवर भांडे ठेवून मावशी बाहेरच्या खोलीत वाचायला बसत, आणि धूर डोळ्यांत गेला की उठत. त्या दिवशीच मुलीने सांगितले की आई, तू माझ्याकडे चल. आई ठाम नाही म्हणाली.

हे सगळे मला मुलीच्या तोंडूनच कळले. कारण त्याच दुपारी ती वाचनालयात आली. ताईंनी आधी हसून खुर्ची पुढे केली, पण ती बसली नाही.

"बाबांची खूण उमटली तेव्हा पुस्तकं कुणाकुणाच्या हातात होती?"

"तुझ्या आईच्या आणि माझ्या," ताई म्हणाल्या.

"बाबा गेले. आईने जन्मात कधी खोटं सांगितलं नाही. मग उरलं कोण?"

"तू मला विचारतेयस, की सांगतेयस?"

"सांगतेय. तुमच्याकडे गर्दी वाढली, चांगलंच झालं. पण माझी आई गॅस पेटता ठेवून भुताला गोष्ट वाचते. माझ्याबरोबर चल म्हटलं तर म्हणते, ते रोज वाचायला येतात, आणि मी दाराला कुलूप लावून जाऊ? आल्यावर कुणाला विचारतील? उद्या ती त्या घरात जळाली, तर तुम्ही काय करणार आहात? आणखी एक घड्याळ काढणार?"

ताईंचा चेहरा पांढरा पडला. "मी नाही काढली गं खूण. तुझ्या बाबांची शपथ घेऊन सांगते. मावशी मला सख्ख्या बहिणीसारख्या आहेत."

"मग बहिणीसारखं वागायचं होतं," मुलगी म्हणाली. "आजपासून आईला एकही पुस्तक द्यायचं नाही."

ती निघून गेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे मी मनात म्हटले, पण मला हसू येत नव्हते. ताईंनी भरदुपारी दार लोटून घेतले. मग घड्याळजींनी वाचलेली होती नव्हती तेवढी सगळी पुस्तके त्यांनी शेल्फवरून काढली आणि टेबलावर एकेचाळिसाव्या पानावर उघडी ठेवत गेल्या. मीही त्यांच्यात होतो. जुन्या पुस्तकांतल्या घड्याळांवर नाना वेळा होत्या. एकात सहाची, एकात पार जेवणवेळेची. घड्याळजींच्या शेवटच्या काही वर्षांतल्या आणि त्यानंतरच्या पुस्तकांत मात्र सगळीकडे दहा वाजून दहा मिनिटे. दुकानाच्या काचेतल्या घड्याळांचे काटे असायचे तसे. माझ्यातही तेच.

"बघ गं बाई," ताई स्वतःशी म्हणाल्या. "मी चेष्टा करायचे, की हल्ली तुमची सगळी पुस्तकं एकाच वेळी कशी संपतात."

त्या वर्षांपासूनची खूण कुणाची आणि ती काढणारीला का आठवत नाही, हे दोन्ही त्यांना एकदमच कळले असावे. स्वतःवरचा आळ गेला, याचा आनंद त्यांच्या तोंडावर मला कुठे दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन मावशींच्या घरी गेल्या. मुलीने दार उघडले आणि तिथेच उभी राहिली.

"थोडा वेळ आत येऊ दे," ताई म्हणाल्या. "मला काही सिद्ध करायचं नाही. पण तू बघायला हवंस."

मावशींना ताईंना बघून आनंद झाला. ताईंनी मला त्यांच्या हातात दिले. "शेवटचं प्रकरण वाचून दाखवता का? माझं वाचायचं राहिलंय."

मावशी वाचू लागल्या. ऑपरेटर शेवटी वायरमनला म्हणते की, तुला मी आठवले नाही तरी चालेल, फोन मात्र उचलत जा. मुलगी दाराला टेकून ऐकत होती. शेवटची ओळ संपली. मावशींचा हात आपोआप डब्याकडे गेला. पेन काढला, एकेचाळिसावे पान उघडले आणि पहिल्या घड्याळाशेजारी त्या दुसरे काढू लागल्या.

"आई, काय करतेयस?" मुलगी म्हणाली.

"खूण," मावशी मान वर न करता म्हणाल्या. "ह्यांचा हात कापतो ना. कुणाला सांगू नकोस हं. घड्याळजीचा हात कापतो म्हटल्यावर घड्याळ कोण देईल दुरुस्तीला?"

मग त्यांनी वर बघितले. मुलीकडे, ताईंकडे आणि मग रिकाम्या खुर्चीकडे. पुन्हा पानाकडे. शेजारी शेजारी दोन घड्याळे, एकासारखे एक.

"हेही मीच काढलं होतं?" त्यांनी विचारले.

ताईंनी खाली बघितले.

"म्हणजे ते आलेच नव्हते," मावशी म्हणाल्या, आणि मला मिटून माझ्यावर दोन्ही हात ठेवून बसून राहिल्या. त्या हातांचे वजन मला अजून जाणवते. इतका दुःखी मी कधी झालो नव्हतो. माझ्या पोटातल्या मेलेल्या वायरमनला निदान फोन तरी करता येत होता.

मुलगी आत जाऊन रडली. मग बाहेर येऊन ताईंचा हात धरला. त्याच संध्याकाळी डॉक्टरांना दाखवले. विसरण्याचा आजार आहे, तो वाढत जाईल, आईला एकटी ठेवू नका, असे त्यांनी सांगितले.

मी त्या घरीच राहिलो. आणि दुसऱ्या सकाळी, मित्रांनो, मावशींनी मला उघडले, दोन घड्याळे बघितली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून आनंदाने हाक मारली, "अगं, तुझे बाबा येऊन गेले. ह्या वेळी तर दोनदा वाचलं बाई त्यांनी."

मुलीने जवळ बसून समजावले. आई, बाबा गेले. खूण तू काढलीस. काल तुला कळलं होतं. मावशींनी विचारले, "कधी गेले?" आणि ते त्याच क्षणी गेल्यासारख्या रडल्या. दुसऱ्या दिवशीही तसेच झाले. तिसऱ्या दिवशीही तसेच. रोज सकाळी मावशी नव्याने विधवा होत होत्या, आणि खरे सांगणारी त्यांची सख्खी मुलगी होती. शेवटी एका सकाळी आईने "येऊन गेले" म्हटले, तेव्हा मुलीने वाकून ते पान बघितले. मग म्हणाली, "हो का? काय म्हणाले? आवडलं का त्यांना पुस्तक?"

त्याच दिवशी तिने मला पिशवीत घातले आणि वाचनालय गाठले.

"ताई, मी तुम्हाला नको ते बोलले," ती म्हणाली. "आता मागायला तोंड नाही. पण आई काही केल्या घर सोडत नाही. माझी नोकरी तिकडे आहे, मला इथे राहता येत नाही. तुम्ही सांगितलं तर ती ऐकेल."

"काय सांगू?"

"बाबा तिकडेही येतील म्हणून सांगा."

ताईंनी समोरचे पुस्तक मिटले. मग म्हणाल्या, "मी शपथेवर सांगितलं होतं तुला, की हे भूत मी उभं केलेलं नाही. आता तेच मला करायला सांगतेयस."

"हो."

"आणि त्या गेल्या, की मला कोण आहे इथे? तीस वर्षं संध्याकाळी यायच्या."

ताई उठल्या, पाटीखालचा दिवा मालवला आणि तिच्याबरोबर निघाल्या.

मावशींसमोर बसून ताई म्हणाल्या, "मावशी, ते घरात येतात असं तुम्हाला कुणी सांगितलं? ते पुस्तकात येतात. तुम्ही पुस्तक न्याल, तिथे येतील."

मावशींनी विचार केला. "हिच्याकडे तीन जिने चढावे लागतात. त्यांचे गुडघे?"

"आता कसले गुडघे, मावशी."

मावशी ताईंकडे बघत राहिल्या आणि एकदम हसल्या. "तेही खरंच म्हणा." मग म्हणाल्या, "पण पुस्तक तर तुमचं. परत करावं लागेल."

ताईंनी मला घेतले, माझ्या पाठीवरची नंबराची चिठ्ठी नखाने खरवडून काढली आणि मला मावशींच्या मांडीवर ठेवले. "आता नाही लागणार," त्या म्हणाल्या. नखाचा तो ओरखडा माझ्या पाठीवर आजही आहे.

त्याला बरीच वर्षे झाली. ताई त्यानंतर मला दिसल्या नाहीत. मुलीच्या घरी मी मावशींच्या उशाशी राहिलो. त्यांनी मला किती वेळा वाचले, ते मीही मोजले नाही. एकेचाळिसाव्या पानावर आकड्याभोवती, समासात, ओळींच्या मध्ये, जागा मिळेल तिथे घड्याळे आहेत. त्या पानावरची गोष्ट आता कुणाला वाचता येणार नाही. मुलीला ती पाठ आहे, म्हणून अडत नाही. कारण पुढे मावशींना अक्षरे लागेनाशी झाली, आणि वाचणे मुलीकडे आले. मावशी ऐकतात. वायरमनचे नाव निघाले की मान हलवतात. खूण त्यांनी बऱ्याच दिवसांत काढलेली नाही.

परवा संध्याकाळी मुलगी वाचत असताना मावशींनी तिला मध्येच थांबवले.

"तुम्ही फार छान वाचता हो. रोज येता का?"

मुलगी म्हणाली, "रोज येते."

"तुमची आई आहे का?"

"आहे."

"कुठे असते?"

"इथेच. अगदी जवळ."

"मग माझ्यापाशी काय बसलात?" मावशी थोड्या रागावूनच म्हणाल्या. "जा तिच्याकडे. म्हातारं माणूस एकटं बरं नव्हे."

"जाते हं," मुलगी म्हणाली. "एवढं प्रकरण झालं की जाते." आणि तिने पुढची ओळ वाचायला घेतली.

मित्रांनो, माझी पाने पिवळी पडली आहेत आणि पाठीचा सरस सुटत चालला आहे. माझे काही मागणे नाही. मला कुणी नीट ठेवले नाही तरी आता फार काही बिघडायचे नाही. पण तुमच्या घरी कुणी एकच प्रकरण पुन्हा पुन्हा वाचत असेल, तर ते आवडले म्हणून वाचते आहे असे समजून माझ्यासारखे फुगू नका. समोर जाऊन बसा आणि ऐका. तीच गोष्ट चौथ्यांदा ऐकावी लागली तरी ऐका, आणि हसायच्या जागी हसा.